अंगावर राहिलेला एकच झगा

मला जाऊ नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीला याचंच कोण कौतुक. ‘मुलाला भाऊ एकच, आणि तोही फादर होणार. म्हणजे जावेची कटकट नाही, वाटणीची भांडणं नाहीत, स्वयंपाकघरात दुसरी बाई नाही. नशीब काढलंस पोरी.’ मावशीला काय माहीत! साधी एक जाऊ असती तर चार दिवस तिच्याशी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. माझ्या नवऱ्याचा जीव ज्याच्यात अडकला होता त्याच्याशी भांडायची सोयच नव्हती. तो समोर आला की अख्खं गाव हात जोडून उभं राहायचं.

आता तर भाऊजी संत व्हायच्या वाटेवर आहेत. अजून झालेले नाहीत. ते काम सावकाश चालतं. बिशप चौकशी बसवतात, ओळखीच्या लोकांच्या साक्षी होतात, कबर उघडून देहाची ओळख पटवतात, मग सगळं वर जातं आणि वरचे लोक निवांतपणे विचार करतात. तोवर गावात त्यांच्या फोटोची छोटी कार्डं निघाली आहेत, मागे प्रार्थना छापलेली. बेकरीवाल्याच्या गल्ल्यापाशी आहे, औषधांच्या दुकानात आहे, बसच्या आरशाला लावलेलं आहे. आमच्या दुकानात नाही. आमचे हे म्हणतात, फोटोत कॉलर वाकडी बसली आहे, असला फोटो शिंप्याच्या दुकानात लावून मला माझं हसं करून घ्यायचं नाही.

फादरांचं चरित्र लिहायला पुष्कळ लोक बसले आहेत. त्यांचं त्यांनी लिहावं. मी सांगते आहे ते आमच्या ह्यांचं, कारण ह्यांचं कोणी लिहिणार नाही.

आमचं दुकान रस्त्याला लागून. पुढे काच, काचेमागे बिनडोक्याचा लाकडी पुतळा, आत लांबलचक टेबल, त्यावर खडूचे तुकडे आणि जड इस्त्री. दोन शिलाई मशिनी. एक ह्यांची, एक सासऱ्यांची, जी अजून चालते आणि अजून तेवढीच कुरकुर करते. टेबलामागे पडदा, पडद्यामागे आमचं घर. दिवसभर वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास. गाव ह्यांना मास्तर म्हणतं. बेतायचं आणि शिवायचं काम मास्तरांचं. काज-बटण आणि तुरपाई माझी. माझं नाव त्या दुकानावर नाही, पण गावात ज्याचं बटण काजातून निसटत नाही त्याने मनातल्या मनात माझे आभार मानायला हरकत नाही.

दोघं भाऊ पाठोपाठचे आणि अंगाने अगदी एका मापाचे. लहानपणी सासूबाई एकाचं माप घेऊन दोघांचे कपडे शिवायला लावत. सासरे गेले तेव्हा मशीनवर कोणीतरी बसायला हवं होतं. थोरल्याला शाळेतून काढून मशीनवर बसवलं आणि धाकट्याला फादर व्हायला सेमिनरीत पाठवलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ‘थोरला हाताचा हुशार, धाकटा मनाचा.’ त्यांना ते दोघांचं कौतुक वाटायचं. ह्यांनी ते वाक्य असं काही पोटात धरून ठेवलं की अजून निघालेलं नाही. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात भांडी, कपडे, औषध, पाणी सगळं आम्ही केलं. ह्यांच्या हातून सूप पिताना त्या डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, ‘धाकटा आला का?’

धाकटा यायचा. तो फादर होऊन आमच्याच गावात, नदीपलीकडच्या गिरणीवस्तीतल्या चर्चमध्ये नेमला गेला, आणि आमच्या घरात झग्यांचं प्रकरण सुरू झालं.

फादर लोकांचा काळा झगा माहीत असेलच. गळ्यापासून पायापर्यंत लांब, समोर बटणांची ओळच्या ओळ. आमच्याकडे थंडी बरी असते, म्हणून हे तो जाड लोकरीचा शिवायचे, आतून अस्तर लावून. पहिला झगा शिवला तेव्हा चार वेळा उसवून पुन्हा शिवला. खांद्यावर एक सुरकुती नको, बाहीच्या मुंढ्यात ताण नको. भाऊजींनी तो घातला आणि खरंच सांगते, राजबिंडे दिसले. आठवडा झाला नसेल, भाऊजी नुसत्या शर्टात कुडकुडत दुकानात हजर. नाक लाल.

‘झगा कुठाय?’ ह्यांनी विचारलं.

‘हरवला रे दादा.’

‘एवढा मोठा झगा हरवला? रुमाल आहे का तो?’

भाऊजी शेगडीपाशी हात शेकत खाली बघून हसले. ‘दुसरा शिवशील? आणि दादा, या वेळी जरा सैल शिव.’

मग कळलं. स्टेशनवरचा एक हमाल आमचा झगा घालून ओझी वाहत होता. लोक त्याला लांबून ‘नमस्कार, फादर’ म्हणायचे आणि जवळ आल्यावर शिव्या द्यायचे.

तिथून जे लागलं ते लागलंच. दर थंडीत झगा, आणि दर थंडीत झगा ‘हरवलेला’. हे आरडाओरडा करायचे, यापुढे एक टाका घालणार नाही म्हणून शपथ घ्यायचे, आणि संध्याकाळी टेबलावर काळं कापड पसरलेलं असायचं. भाऊजींचं दरवेळी तेच, ‘जरा सैल शिव दादा, आणखी थोडा सैल.’ ह्यांना तो अपमान वाटायचा. ‘मी माणसाच्या अंगाला शिवतो. हा मला पोतं शिवायला लावतो.’ पण शिवायचे. आणि तो सैल झगा कधी टांगेवाल्याच्या अंगावर दिसायचा, कधी गिरणीच्या पहारेकऱ्याच्या, कधी खालचा भाग कापून कुठल्याशा पोराच्या चड्ड्या झालेल्या. सैल का हवा असायचा, ते मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. ह्यांनाही कळलं असणार. बोलले नाहीत.

बाजारात ह्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. आपला झगा कोणाच्या अंगावर दिसला की हे थेट त्याला गाठायचे. ‘हे बटण कुठं गेलं? ही बाही कोणी दुमडली? लोकर आहे ती, गरम पाण्यात बुडवलीस का?’ एकदा तर दारू पिऊन भिंतीला टेकलेल्या माणसाची कॉलर हे रस्त्यात उभे राहून सरळ करत होते. तो बिचारा म्हणाला, ‘फादरांनी दिला.’ हे कडाडले, ‘फादरांनी दिला, पण शिवला कोणी?’ तो म्हणाला, ‘देवानं.’ दोन दिवस ह्यांनी माझ्याशीसुद्धा बोलणं टाकलं होतं.

मत्सर म्हणतात तो हाच. हे जळायचे. झगा शिवायचा ह्यांनी, पुण्य लागायचं त्याला. पण त्यांचं जळणं सरळ नव्हतं, आणि माझं सगळं दुखणं तिथेच होतं. भावाला लोक मानतात म्हणून ते जळत होतेच, पण भाऊ आपलं काही अंगावर ठेवत नाही म्हणून त्याहून जास्त जळत होते.

आणि मी? मी कशाला साधेपणाचा आव आणू. मला भाऊजींचा हेवा वाटायचा, अगदी उघडउघड. ह्यांनी माझ्या कोटासाठी एक कापड आणून ठेवलं होतं, गर्द निळं, हात फिरवला की बोटं सुखावतील असं. शिंप्याची बायको आणि तिला धड कोट नाही, म्हणून मीच मागे लागले होते. त्याच आठवड्यात भाऊजी आले, शर्टात, खोकत. काळं कापड संपलेलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हा निळा इतका गर्द आहे की काळाच दिसेल.’ माझ्या कोटाचा झगा झाला. त्याची काजं मीच केली, एकेक टाका दातओठ खात. महिन्याभरात तो झगा कोळसेवालीच्या अंगावर. ती आमच्याच दाराशी कोळसा द्यायला आली, माझा कोट घालून! वर मला म्हणते, ‘बाई, किती ऊब आहे हो यात.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या वर्षी ह्यांनी मला तपकिरी कोट शिवून दिला, तो मी अजून घालते, चांगला आहे. पण तो तपकिरी आहे.

भाऊजी तसे वाईट नव्हते. हे लिहिताना मला हसू येतंय, सगळं गाव संत म्हणतंय आणि मी म्हणते वाईट नव्हते. मला ‘वहिनी’ म्हणायचे, आजारी पडले तर उशाशी येऊन बसायचे, गोष्टी सांगून हसवायचे. पण आले की ह्यांची नजर माझ्यावरून उडालीच म्हणून समजा. मशीन थांबायची. भाऊजी बोलत असताना हे तोंड फुगवून बसायचे आणि एकही शब्द सुटू द्यायचे नाहीत. माझ्या बोलण्यासाठी मशीन कधी थांबलेली मला आठवत नाही.

मग भाऊजींनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं, नुसत्या शर्टात फिरून ओढवून घेतलेलं. हे रोज पूल ओलांडून जायचे. एक दिवस खिशात टेप घेऊन गेले. भाऊजी झोपले होते, तेव्हा ह्यांनी त्यांचं माप घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. छाती, खांदा, बाही, उंची. एका मापाचे भाऊ, पण धाकटा आता पार वाळला होता, ह्यांच्या मापावर शिवून चाललं नसतं. घरी येऊन मला म्हणाले, ‘या वेळी सैल नाही. त्याच्या अंगाबरोबर. बघतोच मी.’

असला झगा ह्यांनी जन्मात शिवला नाही. बेतताना कात्री अशी चालवत होते जणू कापडाला दुखेल. मशीनला हात लावला नाही, सगळा हाताने शिवला. काजं मी केली, आणि या वेळी दातओठ खाल्ले नाहीत. झगा तयार झाला आणि भाऊजी गेले. हे सकाळीच तो घडी घालून चर्चमध्ये घेऊन गेले आणि घंटेवाल्याच्या हातात दिला. घंटेवाला म्हणजे चर्चची साफसफाई, मेणबत्त्या, घंटा सगळं बघणारा म्हातारा, भाऊजींचा उजवा हात. ‘हा घाल त्याला,’ एवढंच म्हणून हे बाहेर बाकावर येऊन बसले. आत जाऊन बघवलं नाही त्यांना. फादर लोकांना पुरताना झग्यावरून पांढरा पायघोळ अंगरखा आणि मिस्सेच्या उपासनेची भरजरी वस्त्रं चढवतात, त्यामुळे नंतर दर्शनाला ठेवलं तेव्हा झगा कोणाला दिसला नाही. पण आम्हाला माहीत होतं की आत आहे.

पेटी खाली गेली. लोक हुंदके देत होते. आमचे हे माझ्या शेजारी उभे होते, डोळे कोरडे, आणि पुटपुटले, ‘आता बघतो कोणाला देतोस.’

मी एकटीने ऐकलं. ह्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. जिंकल्यासारखं.

पुढची वर्षं ह्या एका समाधानावर गेली. गावात चमत्कारांच्या गोष्टी सुरू झाल्या, कबरीवर फुलांचे ढीग पडू लागले, हमाल आणि पहारेकरी आणि ती कोळसेवाली मोठे लोक झाले. ‘फादरांनी आपल्या अंगावरचा काढून माझ्या अंगावर घातला,’ कोळसेवाली डोळे पुसत सांगायची आणि बायका तिचे हात हातात घ्यायच्या. मी मनात म्हणायचे, अंगावरचा कुणाच्या ग, माझ्या! हे मात्र शांत असायचे. ‘बोलू दे. सगळ्यांना दिले, तो एक त्याच्याकडेच आहे.’

मग चौकशी आली. चौकशीचे फादर मोठ्या शहरातून आलेले, हळू बोलणारे, चष्मा पुसत पुसत ऐकणारे. जिवंत नातेवाईक म्हणून पहिली साक्ष ह्यांची. दुकानातच बसले. मी पडद्याआड तुरपाई करत होते, म्हणजे सुई हातात होती.

आयुष्यभर ह्यांना कोणी विचारलं नव्हतं, तुझा भाऊ कसा होता. आता शपथेवर विचारत होते. हे अगदी तयारीत होते.

‘लहानपणी तो साखर चोरून खायचा आणि मार मी खायचो. लिहून घ्या.’

चौकशीफादर हसले. ‘मग?’

‘मग काय! रात्री माझ्या पांघरुणात शिरून रडायचा की माझ्यामुळे तुला लागलं.’

‘म्हणजे पश्चात्ताप,’ चौकशीफादरांनी लिहिलं.

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘हट्टी होता. एकदा ठरवलं की कोणाचं ऐकायचा नाही.’

‘निश्चयी.’

‘खोटं बोलायचा! झगा देऊन टाकायचा आणि मला सांगायचा हरवला. तोंडावर!’

‘स्वतःच्या दानाचा गवगवा नको म्हणून. नम्रता.’

‘अहो फादर, मी तक्रार करतोय!’

‘कळतंय मला, मास्तर. मी तक्रारच लिहून घेतोय. पण काय करू, ती अशी होते.’

पडद्याआड मी तोंडात पदर कोंबला. हसू की रडू कळेना. माझ्या नवऱ्याने हातात येईल तो दगड उचलून मारला, आणि एकेक दगड फूल होऊन त्याच्या भावाच्या गळ्यात पडला.

जाताजाता चौकशीफादर म्हणाले, देह आता चर्चमध्ये वेदीच्या बाजूला आणायचा आहे. कबर उघडावी लागेल. सख्खा भाऊ म्हणून मास्तरांची संमती हवी. नवी वस्त्रं शहरात तयार होतायत.

‘आणि अंगावरचा झगा?’ ह्यांनी विचारलं.

‘त्याचे बारीक तुकडे करून भाविकांना द्यायचे, अशी पद्धत आहे. खूप मागणी आहे.’

हे उठून उभे राहिले. ‘नाही.’

‘मास्तर...’

‘नाही म्हटलं ना. एकच त्याच्या अंगावर राहिलाय. एकच! तोसुद्धा वाटून टाकणार तुम्ही? त्याची हौस फिटली नाही ती तुम्ही फेडणार?’

महिनोन्‌महिने ह्यांनी संमती दिली नाही. गाव आमच्यावर उलटलं. बेकरीवाला मला पाव देताना तोंड फिरवायचा. बायका येऊन समजावून जायच्या, ‘मास्तरांना भावाचा मोठेपणा बघवत नाही.’ मी त्यांना हाकलून द्यायचे, कारण ते निम्मं खरं होतं, आणि निम्मं खरं सांगणाऱ्या बायकांचा मला फार राग येतो. ह्यांच्याशी मात्र मी भांडले. ‘अहो, मातीत काय उपयोग त्याचा? सोडा की आता त्यांना.’ तर म्हणाले, ‘तुला तो कधी आवडलाच नाही.’ मला! ज्या बाईने स्वतःच्या कोटाचं कापड त्याच्यासाठी सोडलं तिला!

शेवटी चौकशीफादरच पुन्हा आले आणि तोड निघाली. देहावरचा झगा ह्यांनी स्वतःच्या हाताने काढायचा, आणि तो आमच्या घरी येणार. त्याला कोणी कात्री लावणार नाही. ह्यांनी लगेच सही केली. त्या दिवसापासून मी पाहिलं, हे लहान मुलासारखे अधीर झाले. कपाटातला एक खण रिकामा केला. आत मलमल अंथरली. माझी चादर हलवली त्यासाठी, हे सांगायला नको.

कबर उघडली त्या सकाळी कबरस्तानात फारसे लोक येऊ दिले नव्हते. बिशपांचा माणूस, चौकशीफादर, डॉक्टर, खोदणारे दोघे, घंटेवाला आणि आम्ही. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, काजं माझी आहेत, मी येणार.

पेटी वर आली. झाकण निघालं तेव्हा मी नजर वळवली. जे राहिलं होतं त्याबद्दल मी काही सांगणार नाही, तो माझा दीर होता. डॉक्टरांनी हळूहळू वरची वस्त्रं बाजूला केली. ती हाताला लागताच विरत होती. आणि खाली काळा झगा, अखंड. कुठे भोक नाही, कुठे जीर्ण झालेला नाही. खोदणाऱ्यातल्या एकाने कपाळावर क्रूसाची खूण केली. ‘बघा, बघा,’ बिशपांचा माणूस कुजबुजला, ‘इतक्या वर्षांत झग्याला काही झालं नाही!’

हे पुढे झाले. वाकले. बाही बोटांत धरली. आणि सरळ होऊन ओरडले, ‘नायलॉन आहे तो! नायलॉनला काय होतंय?’

‘ते आम्हालाही दिसतंय, मास्तर,’ चौकशीफादर शांतपणे म्हणाले.

‘हा माझा नाही. तयार कपड्याच्या दुकानातला आहे हा. प्लास्टिकची बटणं. ही काजं बघा, मशीनची!’ ह्यांचा आवाज चिरकला. ‘माझा झगा कुठाय?’

मी घंटेवाल्याकडे पाहिलं. म्हातारा टोपी हातात चुरगाळत उभा होता.

‘मी दिला,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘फादरांनीच सांगून ठेवलं होतं. तुम्ही माप घेतलंत ना, तेव्हा ते जागे होते. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, दादा नवीन झगा शिवतोय. तो मातीत घालू नकोस. मला दानात आलेल्या कपड्यांतला कुठलाही घाल. दादानं शिवलेलं फार उबदार असतं रे, ते मातीत कशाला? एखाद्याचा हिवाळा निघेल.’ म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. ‘आणि म्हणाले, दादाला सांगू नकोस, तो चिडेल.’

हे पेटीशी उभे. मग विचारलं ते भलतंच. ‘ज्याला दिलास त्याला बसला का?’

‘बसला म्हणजे काय मास्तर! एक फिरस्ता होता, हाडांची काडं झालेला. त्याच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. मग तो गेला कुठंतरी, पुन्हा दिसला नाही.’

चौकशीफादर चष्मा पुसत होते. ते हेसुद्धा लिहिणार, मला दिसत होतं. भाऊजींचा तो शेवटचा डाव त्यांच्या साऱ्या पुण्यावर ताण करणार होता, आणि त्यात माझ्या नवऱ्याने हाताने घातलेला प्रत्येक टाका दुसऱ्याच्या खात्यात जाणार होता. मला भाऊजींचा त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा निळ्या कोटाच्या वेळीही आला नव्हता.

हे तरातरा चालत घरी आले. दुकानात येऊन तसेच मशीनवर बसले, पायताणसुद्धा न काढता. मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर ह्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आईच्या वेळी रडले नव्हते, भावाच्या वेळी रडले नव्हते.

‘घंटेवाल्याला सांगितलं,’ हे म्हणाले. ‘उबदार असतं म्हणून. त्या घंटेवाल्याला! मला कधी म्हणाला नाही. सैल शिव, सैल शिव. आयुष्यभर एवढंच. एकदा मला म्हणाला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?’

मला इतकं भरून आलं की मी चहा टेबलावर ठेवून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून काजं केली, पण ही गोष्ट मीही कधी तोंडाने बोलले नव्हते. तपकिरी कोट माझ्या अंगावरच होता.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘मी सांगते ना. तुमचं शिवलेलं खरंच फार उबदार असतं.’

ह्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग कोटाकडे, जणू तो कोणी शिवला हेच आठवत नव्हतं.

‘तू म्हणून काय उपयोग?’ हे म्हणाले.

मग बाहीने डोळे पुसले, कप उचलला, एक घोट घेतला, आणि चहा गार झालाय म्हणून माझ्यावरच चिडले.